मदतीची हाक किती मोठ्याने घालावी?

बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत सोलापूर जिल्ह्यात असे गाव आज विरळाच, की जेथे कोणाच्या तरी मोबाइलवर एखाद्या आजारी लेकराचे छायाचित्र येऊन पडत नाही. छायाचित्राखाली आजाराचे नाव, लागणाऱ्या रकमेचा आकडा व पैसे पाठविण्याचा मार्ग लिहिलेला असतो. आणि शेवटी, हे आणखी दहा जणांना पाठवा, अशी विनंती असते. पाहणारा क्षणभर हळहळतो. कोणी पन्नास रुपये देतो, कोणी ते चित्र तसेच पुढे धाडतो, आणि कोणी, हे खरे की खोटे देव जाणे, असे म्हणून मोबाइल खिशात घालतो.

ह्या प्रकाराला ऑनलाइन लोकवर्गणी म्हणतात. बंगळूरची मिलाप ही संस्था २०१० साली, मुंबईची केटो २०१२ साली व इम्पॅक्ट गुरू २०१४ साली सुरू झाली. ह्यांच्याद्वारे कोणालाही आपली गरज लिहून जगापुढे मांडता येते. परंतु गरज मांडली म्हणजे ती लोकांस दिसली, असे होत नाही. बाजारात शेकडो माणसे एकदम ओरडू लागली म्हणजे कोणाचेच ऐकू येत नाही. तसेच येथेही होते. म्हणून आपली हाक इतरांच्या हाकेहून वर ऐकू यावी ह्यासाठी नाना उपाय केले जातात, आणि तेथेच आपला प्रश्न उभा राहतो. मदतीची हाक किती मोठ्याने घालावी? ती मोठी करण्याचे कोणते उपाय सदसद्विवेकबुद्धीला मान्य होतील व कोणते होणार नाहीत?

हा प्रश्न केवळ शहरातल्या शिकलेल्या लोकांचा आहे असे कोणी समजू नये. समजा, विड्या वळून पोट भरणाऱ्या एका विधवेच्या मुलाला हृदयाचा विकार जडला आहे. डॉक्टरांनी सांगितलेली रक्कम तिने जन्मात कधी एकत्र पाहिलेली नाही. तिचा पुतण्या चार बुके शिकलेला आहे. तो म्हणतो, "काकू, पोराचा नळ्या लावलेला फोटो टाकू, तुम्ही रडताना एक व्हिडिओ काढू, आणि थोडे पैसे भरून जाहिरात करू, त्याशिवाय कोणी बघत नाही." ती म्हणते, "बाबा, जन्मभर कोणापुढे हात पसरला नाही. आता साऱ्या मुलखापुढे पदर पसरू काय?" दोघेही गावच्या उपदेशकाकडे येतात. त्याने काय सांगावे? मुलाचा जीव एकीकडे व आईची अब्रू दुसरीकडे, असा हा तराजू आहे. आणि उत्तर देण्यास फार दिवस हातात नाहीत.

प्रथम त्या बाईच्या संकोचाचा विचार करू. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. गरिबी झाकावी, दुःख घरात ठेवावे, ही आपल्या लोकांची शिकवण आहे, आणि तिच्यात स्वाभिमानाचा मोठा अंश आहे. कित्येक सद्भक्त असेही म्हणतात की, धर्मकृत्य गुप्तपणे करावे अशी प्रभूची आज्ञा आहे, मग मदतीचा गवगवा करणे योग्य कसे? परंतु डोंगरावरील प्रवचनातील ती आज्ञा नीट वाचून पाहावी. आपल्यापुढे कर्णा वाजवू नये असे जे सांगितले आहे ते देणाऱ्याला सांगितले आहे, मागणाऱ्याला नव्हे. ज्याच्या हाती पैसा आहे त्याने मौन धरावे, एवढाच तिचा अर्थ. ज्याच्या घरी मरण दाराशी आले आहे त्याने मौन धरावे, असे प्रभूने कोठेही म्हटलेले नाही. उलट यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट पाहा. त्याने हाक मारली तेव्हा लोकसमुदायाने त्याला दटावून गप्प बसावयास सांगितले, आणि तो अधिकच मोठ्याने ओरडू लागला. प्रभूने त्याला दोष दिला नाही. थांबून त्याला बोलाविले.

ह्यावरून दोन गोष्टी दिसतात. गरजवंताने हाक मारणे हे पाप नाही, आणि लोकांची गर्दी त्याला दाबून टाकू पाहील तर आवाज चढविणे हेही पाप नाही. रडल्याशिवाय आईदेखील पाजत नाही, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. तेव्हा त्या विधवेला सांगावे की, बाई, मुलासाठी तोंड उघडण्यात तुझी अब्रू जात नाही. तुझे दुःख ज्यांना ठाऊकच नाही त्यांना देण्याची संधी तरी कोठून मिळणार?

तथापि हाक मारण्यापूर्वी एक काम करावयाचे असते, व ते बहुधा राहून जाते. जे हक्काने मिळावयाचे ते भीक म्हणून मागू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दर वर्षी दर कुटुंबास मिळणाऱ्या उपचारांची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आहे. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला शिधापत्रिका दाखवून आपला आजार योजनेत बसतो की नाही ते विचारावे. मोठी धर्मादाय रुग्णालये आहेत, त्यांना निर्धन रुग्णांसाठी शेकडा १० खाटा मोफत व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी आणखी शेकडा १० खाटा सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात; महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेली ही व्यवस्था आहे. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, आणि अशा शासकीय रुग्णालयांत गरीब रुग्णांस वाट दाखविण्यासाठी समाजसेवा अधीक्षक नेमलेले असतात. ह्या चार दारांवर थाप न मारता सरळ जगापुढे झोळी पसरली तर त्यात दोन तोटे होतात. एक तर बाईचा हक्क बुडतो; आणि दुसरे असे की, ज्याला ह्यांपैकी एकही दार उघडत नाही त्याच्या वाट्याची दया आपण विनाकारण खर्चून टाकतो. लोकांची दया हा विहिरीतल्या पाण्यासारखा साठा आहे. तो झऱ्याने भरतो, पण उपसा फार झाला तर तळ दिसू लागतो.

दारे ठोठावून झाली व तरीही रक्कम उणी पडली, की मग हाक घालावी. आता ती कशी घालावी ते पाहू. ह्या कामी आपल्याच मुलखाचा इतिहास चांगला गुरू आहे, कारण लोकवर्गणी ही काही मोबाइलने आणलेली नवी गोष्ट नव्हे. अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडच्या घराघरांतून मूठमूठ धान्य मागून गरीब मुलांची वसतिगृहे चालविली.

सोलापूरकरांना तर एक उदाहरण अगदी घरचे आहे. १९३८ साली जपानने चीनवर केलेल्या स्वारीत हजारो लोक जखमी होऊन पडले होते, आणि चीनकडून हिंदुस्थानाकडे डॉक्टरांची मागणी आली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ह्यांनी जूनच्या अखेरीस वर्तमानपत्रांतून आवाहन केले. जुलैच्या ७ ते ९ ह्या तारखा चीनच्या मदतीसाठी म्हणून ठरविण्यात आल्या. आणि २२,००० रुपयांचा निधी जमवून ५ डॉक्टरांचे पथक रवाना झाले. त्या पाचांपैकी एक आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. रुग्णांची सेवा करीत असता ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी चीनमध्येच देह ठेवला. आज सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. ज्यांनी त्या तीन दिवसांत आणा-दोन आणे दिले त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत, परंतु कोटणिसांच्या हातून बरा झालेल्या प्रत्येक जखमी माणसात त्यांचा वाटा होता.

ही हाक सर्वत्र ऐकू गेली ती कशामुळे? ती कोणी घातली हे सर्वांना ठाऊक होते. तिच्याखाली सही होती. ती कशासाठी आहे हे एका वाक्यात सांगता येत होते. देण्याचे दिवस नेमलेले होते. आणि पैसा कोठे गेला हे पुढे डोळ्यांनी दिसले, कारण पाच जिवंत माणसे बोटीवर चढून गेली.

ह्याच्याही अर्धे शतक आधी पंडिता रमाबाईंनी हेच केले होते. १८८७ साली त्यांनी अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन शहरी त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. ठिकठिकाणी लहान लहान रमाबाई मंडळे निघाली, आणि त्यांतील सभासदांनी दर वर्षी थोडी थोडी रक्कम देण्याचे पत्करले. मदतीची मुदत दहा वर्षांची ठरली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. रमाबाईंनी विधवांची दुर्दशा तर सांगितलीच. परंतु ती कशामुळे होते, तिच्यावर उपाय कोणता, त्याला खर्च किती व किती वर्षे, हेही सांगितले. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणून त्या थांबल्या नाहीत. त्याच्या बुद्धीलाही त्यांनी काम दिले.

आजच्या मोबाइलच्या हाकेलाही हाच नियम लागू पडतो. हाक परक्यांकडून सुरू होत नाही. ती ओळखीच्या माणसांपासून सुरू होते. अनोळखी माणूस चित्र उघडतो तेव्हा प्रथम हे पाहतो की, ह्या बाईच्या गावच्या लोकांनी काही दिले आहे काय? तिच्या मंडळीने, शाळेच्या मास्तरांनी, शेजाऱ्यांनी पदरचे काही घातले आहे काय? जेथे गावाने दहा-वीस रुपयांप्रमाणे का होईना पण दिले आहे, तेथे परका धीर करतो. जेथे गावच हात आखडून बसले आहे, तेथे कितीही सुंदर शब्द लिहिले तरी तो मागे सरतो. म्हणून हाक मोठी करावयाची असेल तर पहिला उपाय हा की, तिच्यामागे साक्षीदार उभे करावे. उपदेशकाने आपल्या नावाने लिहावे की, हे कुटुंब मी ओळखतो, रुग्णालयाचे अंदाजपत्रक मी स्वतः पाहिले आहे, शंका असल्यास मला विचारा. अशी एक ओळ शंभर जाहिरातींहून दूर जाते.

ह्या ठिकाणी पुढे धाडणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. मदतीचे चित्र पुढे पाठविणारा मनुष्य, त्याला कळो वा न कळो, साक्षच देत असतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण पाठ म्हणतो. न तपासता दिलेली साक्षही खोट्या साक्षीच्या फार जवळची आहे. जुन्या आजाराचे चित्र नव्या नावाने फिरविणारे, दुसऱ्याच्या लेकराच्या फोटोखाली आपला खातेक्रमांक घालणारे लबाड लोक आहेत. ते जगतात ते अशाच भोळ्या साक्षीदारांच्या जिवावर. आणि त्यांची लबाडी उघडकीस आली की फटका बसतो तो खऱ्या गरजवंताला. म्हणून तपासून पाठवावे, आणि जे तपासता येत नाही ते पाठवू नये.

आता छायाचित्राचा प्रश्न. तो सर्वांत कठीण आहे. पुतण्या म्हणतो की नळ्या लावलेला फोटो टाकल्यावाचून लोक द्रवत नाहीत. ह्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. दुष्काळाचा इतिहासच त्याला साक्ष आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकाने ह्या देशातील हाडांचा सापळा झालेल्या माणसांची छायाचित्रे छापली, वाचकांकडे पैसे मागितले, आणि १९०० साली क्विटो नावाचे जहाज मका भरून मुंबईस आले. त्या मक्याने कित्येकांचे प्राण वाचले. चित्रे नसती तर अमेरिकेतील शेतकऱ्याला आपल्या शिवारातील भुकेची कल्पना आली असती काय?

परंतु दुसरीही बाजू आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांना ओळीने बसवून त्यांची छायाचित्रे घेतली. ती आजही पाहिली तर अंगावर काटा येतो. त्याच्यावर त्या काळीच अशी टीका झाली की, चित्र काढून झाल्यावर ह्या माणसांच्या तोंडी घास पडला काय? दोन्ही चित्रांत उपासमारच आहे. भेद एवढाच की, एके ठिकाणी चित्र हे अन्न आणण्याचे साधन झाले, आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस हाच चित्राचे साधन झाला.

म्हणून छायाचित्र मुळीच देऊ नये असा नियम करणे बरोबर नव्हे. पण ते देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. पहिला : हे चित्र खरे आहे काय? म्हणजे आजच्या स्थितीचे, ह्याच मुलाचे, मुद्दाम अधिक केविलवाणे न केलेले आहे काय? दुसरा : ज्याचे चित्र आहे त्याची, किंवा तो अजाण असल्यास त्याच्या आईबापांची, मनापासून संमती आहे काय? गरजेपुढे नाइलाजाने दिलेला होकार तो होकार नव्हे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : हा मुलगा बरा होऊन उद्या पंचवीस वर्षांचा झाला, व हे चित्र त्याच्या पाहण्यात आले, तर त्याला मान खाली घालावी लागेल काय? मोबाइलवर टाकलेली गोष्ट पाटीवरच्या अक्षरांसारखी पुसता येत नाही. आपण त्या मुलाचे आयुष्य मागत आहो. मग त्या आयुष्यात त्याला ताठ मानेने चालता यावे हेही आपणच पाहिले पाहिजे. आई जवळ बसली आहे, मुलगा तिच्याकडे पाहतो आहे, असे साधे चित्रही हाक पोहोचवू शकते.

राहिला पैसे भरून करावयाच्या जाहिरातीचा मुद्दा. व्यापारात जाहिरात करण्यात गैर काही नाही. पण येथे जाहिरातीचा पैसा बहुधा दात्यांच्याच पैशांतून जातो. काही ठिकाणी प्रसिद्धीचा खर्च व संस्थेचे शुल्क जमलेल्या रकमेतून वळते होते. काही ठिकाणी देणाऱ्याकडून वर्गणीखेरीज संस्थेसाठी आणखी रक्कम मागितली जाते. हा खर्च अगदीच अधर्म्य आहे असे नव्हे; बैलगाडीलाही वंगण लागते. परंतु शंभर रुपये देणाऱ्याला त्यांतले किती मुलाच्या औषधाला जातील हे आधी कळले पाहिजे. ते लपविले तर शंभरातले वीस रुपये जाहिरातीला देणे हा खर्च राहत नाही, फसवणूक होते. विधवेच्या पुतण्याला म्हणून सांगावे की, बाबा रे, करार वाचल्यावाचून अंगठा उठवू नकोस. आणि जाहिरात करण्यापूर्वी पायी जितके फिरता येईल तितके फीर.

ह्यापुढचा विचार केवळ एका कुटुंबापुरता नाही. तो सर्व मंडळीने करावयाचा आहे. हाक मोठी करणे योग्य ठरले तरी सर्वांचा गळा सारखा नसतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग ह्यांनी १९६८ साली लिहिलेल्या एका निबंधात हे मर्म सांगितले आहे. एका लहान मुलीच्या शस्त्रक्रियेला पैसे हवे आहेत असे कळले तर टपालातून नाण्यांचा पाऊस पडतो. परंतु कर न वाढविल्यामुळे रुग्णालये मोडकळीस येऊन कित्येक लोक मरतील असे सांगितले तर कोणाच्या डोळ्यांत टिपूस येत नाही. माणसाचे मन चेहऱ्याकडे धावते. आकड्याकडे धावत नाही.

आपल्या देशातही ह्याचा अनुभव आला आहे. २०२१ साली महाराष्ट्रातील काही तान्ह्या बालकांना स्नायू दुबळे करणारा एक दुर्मिळ आनुवंशिक रोग झाला होता. त्यावरील झोलजेन्स्मा ह्या औषधाची किंमत सुमारे १६ कोटी रुपये होती. आईबापांनी हाक घातली, हजारो अनोळखी लोकांनी ती उचलली, आणि एवढी मोठी रक्कम खरोखर जमली. हे मानवी दयेचे मोठे आश्चर्य होय. परंतु त्याच वर्षी केंद्र सरकारने दुर्मिळ रोगांचे धोरण जाहीर करून अशा रुग्णांसाठी लोकवर्गणीचे स्वतःचे व्यासपीठही उघडले, आणि तेथे रुग्णांच्या मानाने फारच थोडा पैसा जमला. व्यासपीठ अधिकृत होते, फसवणुकीचे भय नव्हते, तरी लोक फिरकले नाहीत. यादीला शेजारी नसतो; यादीसाठी कोणी दारोदार जात नाही.

मग ज्याचा चेहरा गोड नाही, ज्याचा आजार ऐकून लोक नाक मुरडतात, ज्याला मोबाइल चालविणारा पुतण्या नाही, त्याने काय करावे? क्षयाने खंगलेला म्हातारा, वेडाच्या लहरीत भटकणारी बाई, दारूने यकृत गमावून आता पश्चात्ताप करणारा मजूर, ह्यांचे चित्र कोणीही पुढे धाडणार नाही. लोकवर्गणीचा हा मोठा दोष आहे की, ती गरज मोजत नाही. गरजेचा आवाज मोजते. जगाच्या बाजारात हा दोष कोणी दुरुस्त करील असे वाटत नाही. परंतु लहानशा खेड्यातील मंडळी तो दुरुस्त करू शकते, कारण तिला प्रत्येक घर ठाऊक असते. ज्याला गळा आहे त्याच्या हाकेला साथ द्यावी. पण ज्याला गळाच नाही त्याच्यासाठी एक पेटी वेगळी ठेवावी, आणि तिच्यातून देताना चित्र मागू नये, व्हिडिओ मागू नये, रडणेही मागू नये. मूठभर धान्य रोज वेगळे काढण्याची जुनी रीत कित्येक घरांतून सुटत चालली आहे. ती पुन्हा धरली तर असा निधी उभा राहण्यास अडचण नाही.

शेवटी हिशेबाविषयी. यरुशलेमातील गरिबांसाठी पौलाने निरनिराळ्या मंडळ्यांतून वर्गणी जमविली, तेव्हा तिचा बोभाटा करण्यास तो लाजला नाही. मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांनी किती उदारपणे दिले हे त्याने करिंथकरांना कळविले, आणि करिंथकरांच्या तयारीची वार्ता मासेदोनियात सांगितली. परंतु तो पैसा एकट्याने नेण्यास तो राजी नव्हता. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली, कारण एवढ्या मोठ्या रकमेच्या कामी कोणी दोष ठेवू नये, देवापुढे व माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसावा, अशी त्याची काळजी होती. मोठी हाक मारावयाची तर मोठा हिशेब द्यावा लागतो, हा धडा त्याने घालून दिला आहे.

म्हणून गावच्या उपदेशकाने त्या विधवेला व पुतण्याला पुढीलप्रमाणे वाट दाखवावी. आधी योजनेची व धर्मादाय खाटांची चौकशी पुरी करावी. उरलेल्या रकमेपुरतीच हाक घालावी, एक रुपयाही वाढवून सांगू नये. पैसा होता होईल तो थेट रुग्णालयाच्या खात्यात जाईल असे करावे. मंडळीतील दोन विश्वासू माणसे हिशेबाला नेमावी. पहिली वर्गणी गावाने द्यावी. मुलाचे चित्र आईला रुचेल तेच द्यावे. दर आठवड्याला किती जमले व किती खर्चले हे कळवावे. रक्कम पुरी होताच हाक बंद करावी, आणि अधिक आलेले पैसे कोणत्या दुसऱ्या रुग्णाला जातील हे आधीच जाहीर करून ठेवावे. आणि देव न करो, पण मूल हाती लागले नाही, तर तेही खरेपणाने सांगावे. वर सांगितलेल्या तान्ह्या बालकांपैकी एकाला औषध मिळूनही काही आठवड्यांतच मृत्यू आला. दात्यांचे दान म्हणून फुकट गेले काय? दान हे मरणाशी केलेला सौदा नव्हे. आम्ही तुम्हांला एकटे सोडणार नाही, असे शेजाऱ्याला दिलेले ते वचन होय, आणि ते वचन पाळले गेले.

आई, तू बोल. आम्ही तुझ्या बाजूला उभे राहून बोलतो. जे खरे आहे तेवढेच बोलू. आणि तुझ्या लेकराची लाज राखून बोलू. एवढे ज्या मंडळीला म्हणता येईल तिच्या हाकेला फार मोठा आवाज लागणार नाही. आणि जिला एवढे म्हणता येत नाही, तिने कितीही मोठी दवंडी पिटली तरी ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत ती जाईल, काळजापर्यंत जाणार नाही. येत्या आठवड्यात आपल्या गावात असा एखादा मुका गरजवंत आहे काय, हे प्रत्येक वाचकाने शोधून पाहावे. त्याची हाक अजून कोणी ऐकलेली नसेल, कारण ती अजून कोणी घातलेलीच नाही.